वारलेल्या पारूअक्कांचा फोन

आमच्या पारूअक्का वारल्या. त्यानंतर दोन-तीन महिने त्या जवळजवळ रोज दुपारी फोनवर बोलत होत्या. तब्येत बरी असायची, जेवण जायचं, फक्त आवाज जरा बसल्यासारखा यायचा.

बसणारच. त्या पारूअक्का म्हणजे मी होते!

हे नीट सांगायचं तर टीव्हीवरच्या तुळसामावशीपासून सुरुवात करावी लागते. दुपारी जेवणं उरकली की आमच्याकडे हसण्याचा कार्यक्रम लागायचा. रोज तीच माणसं, रोज नवे कपडे. एक जमादार होता, तो चोर पकडायचा आणि चोर दर वेळी त्याचाच मेव्हणा निघायचा. एक डॉक्टर होता, तो सुई बघितली की स्वतःच पेशंटच्या खाटेवर आडवा व्हायचा. आणि तुळसामावशी. म्हणजे नऊवारी नेसलेला एक दांडगा पुरुष, कमरेला चंची, नाकात नथ. लग्न असो, दवाखाना असो, पोलीस ठाणं असो, एकदा तर विमानसुद्धा होतं, मावशी दार ढकलून आत यायच्या आणि म्हणायच्या, "मी काय बसायला आले न्हाई, चहा टाका!" आणि जे बसायच्या ते उठायच्याच नाहीत!

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या मावशींना बघून गुडघ्यावर थापा मारायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं.

"ही आमची अक्का हाय गं! तीच चाल, तेच हात नाचवनं! कुनीतरी पोखर्णीला येऊन बघून गेलंय तिला!"

अक्का म्हणजे आत्याबाईंची थोरली बहीण पारूअक्का. त्या पोखर्णीला दिल्या होत्या, आत्याबाई आमच्या पेडगावला. भाऊ नव्हता, आईबाप कधीच गेलेले. दोघींना माहेर म्हणून जे काही होतं ते म्हणजे त्या दोघीच. पारूअक्का आमच्याकडे यायच्या त्या भांडतच यायच्या. उंबऱ्यातूनच सुरू. "छबे, मेले, जिती हाईस का? दार कामून लावलंस? कोन यायलंय तुझं सोनं न्यायला?" आत्याबाईंचं नाव छबूबाई. जगात त्यांना छबे म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं.

पारूअक्काही पोखर्णीत तोच कार्यक्रम बघायच्या. संपला की दोघी फोन लावायच्या आणि आत्ताच दोघींनी बघितलेला कार्यक्रम एकमेकींना पहिल्यापासून सांगायच्या!

"बघितलंस का छबे, मेव्हण्यानं टोपी कशी पळवली?"

"बघितलं की! आन् मंग जमादार पडला."

"मी सांगायले न्हवं? तू गप ऐक!"

असं चाललं होतं. मग आत्याबाईंच्या छातीत दुखलं. परभणीला दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या, आम्ही बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. डॉक्टरांनी यांना, म्हणजे माझ्या मालकांना, बाजूला घेऊन सांगितलं, "काळीज नाजूक झालंय. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका."

घरी आणलं, आणि त्याच आठवड्यात पोखर्णीहून फोन आला. पारूअक्का सकाळी ओसरीत बसून केस विंचरत होत्या. फणी हातात तशीच राहिली.

फोन अक्कांच्या मुलाचा होता, दिगांबरभावजींचा. यांनी अंगणात जाऊन ऐकला आणि आत आले ते भिंतीला धरून. आत्याबाई बाजेवर पडलेल्या.

"कुनाचा होता रं फोन, रामा?"

"बियाण्याच्या दुकानाचा," हे म्हणाले. "परभणीला जावं लागतंय."

परभणीला जातो म्हणून गेले आणि मावशीला खांदा देऊन आले. बाहेरच्या हौदावर अंघोळ करून, ओल्या डोक्यानं घरात शिरले. पौषाची थंडी! बाहेर कुत्रीसुद्धा राखेत घुसून झोपलेली.

"भिजून कामून आलास?" आत्याबाईंनी विचारलं.

"लय गरम व्हायलं होतं, आई."

आत्याबाईंनी अंगावरची वाकळ गळ्यापर्यंत ओढली आणि मुलाकडे बघत राहिल्या. 

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रम संपला. आत्याबाई म्हणाल्या, "लाव रं अक्काला फोन."

"रेंज न्हाई, आई."

तिसऱ्या दिवशीही रेंज नव्हती. चौथ्या दिवशी यांनी सांगितलं, अक्का देवाला गेल्यात. आत्याबाई उठूनच बसल्या. "अक्का? देवाला? तिचं आन् देवाचं कवा जमलं?" आणि छातीला हात लावला. बास! यांचा चेहरा पांढरा पडला. मला मागच्या दारी नेलं.

"तू अक्का हो."

मला वाटलं यांनाच काहीतरी झालं.

"आगं, फोनवर! दोन शब्द बोलायचे. आईला जरा बरं वाटलं की मी सांगतो तिला समदं."

"अहो, मी? माझा आवाज वळखतील ना त्या!"

"तुझा आवाज?" हे म्हणाले. "तुझा आवाज आईनं कवा ऐकलाय?"

यावर मला काही बोलता आलं नाही. (बोलता येत नव्हतं, म्हणून तर ही वेळ आली!) लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून मी आत्याबाईंशी 'हो', 'जी' आणि 'वाढू का' एवढंच बोलले होते. वाईट काही नव्हतं, पण त्यांच्यासमोर गेले की माझी जीभ टाळूला चिकटायची. शेजारणी म्हणायच्या, सून लय शहाणी, तोंड वर करून बोलत नाही. शहाणी कुठली, घाबरट! पण घरात ज्याचा आवाज कुणालाच माहीत नाही असं माणूस एकच होतं. निवड बिनविरोध झाली.

गोठ्यामागे उभं करून यांनी मला शिकवलं. "शिव्या घाल. 'छबे, मेले' म्हन."

"सासूला? नावानं?"

"तू सासूला कुठं म्हनायलीस? अक्का छबूला म्हनायलीय."

"ते मला माहीत हाय, पण माझ्या तोंडाला माहीत न्हाई ना!"

शेवटी ठरलं, नाव घ्यायचंच नाही. आवाज जाड करायचा, थोडं खोकायचं, थोडं बोलायचं आणि ठेवायचा. हे आत गेले, त्यांनी फोन लावून आत्याबाईंच्या हातात दिला आणि माझ्या हातातला फोन थरथरला. (फोन थरथरत होता की मी, देव जाणे.) पदर तोंडाशी धरून मी बोलले. काय बोलले ते मला तेव्हाही कळलं नाही. पलीकडून आत्याबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग अगदी हळू म्हणाल्या, "हां, अक्का. बोल."

त्या दिवसापासून मी रोज दुपारी मेलेली बाई झाले. आधी कार्यक्रम बघायचा, मग भांडी घासायला म्हणून मागे जायचं आणि गोठ्यात गायीच्या गव्हाणीआड बसून तो कार्यक्रम सांगायचा. हसू यावं असं सगळं, आणि मी ते रडकुंडीला येऊन सांगत होते. अक्कांची फणी डोळ्यांसमोर यायची. काय बोलावं सुचेना झालं की मी विचारायची, "औषध घेतलं का? जेवलीस का? पायावरची सूज उतरली का?" आत्याबाई सगळ्याची उत्तरं द्यायच्या. हळूहळू त्या दुसरंही सांगायला लागल्या. लहानपणचं, विहिरीवरचं, आईचं. मी गव्हाणीआड ऐकत राहायची. वारलेल्या माणसानं काय बोलावं मध्येच?

एकदा मी बोलत असताना वासरू हंबरलं. माझ्या कानाजवळच!

"अक्का, तुझ्याकडं बी वासरू हंबरायलंय?" आत्याबाई म्हणाल्या.

"हो, हाय एक. नवीनच."

"आमचं बी आत्ताच हंबरलं बघ!"

दुसऱ्या एका दिवशी गल्लीतून भंगारवाला गेला. त्याच्या गाडीवरचा भोंगा आधी फोनातून ऐकू आला, मग बाहेरून. की आधी बाहेरून, मग फोनातून? मी घाईनं सांगितलं, "आमच्याकडं भंगारवाला आलाय." आत्याबाई म्हणाल्या, "आमच्याकडं बी आलाय. लय गाड्या झाल्या बाई आताशा."

इकडे गावाची वेगळीच तऱ्हा. पारूअक्का गेल्या हे सगळ्या पेडगावला माहीत होतं. आमच्याकडे कुणाचं जवळचं माणूस गेलं की बायका बसायला येतात, गळ्यात पडून रडतात, शेजारी पिठलं-भाकरी आणून घालतात. हे सगळं अडकून पडलं होतं. यांनी घरोघरी जाऊन हात जोडले होते, एवढ्यात कुणी काही बोलू नका. बोलले नाहीत. पण चेहरे कुठे लपवणार? शेजारच्या कौशाकाकू रोज यायच्या, आत्याबाईंकडे बघायच्या आणि सुस्कारा सोडायच्या.

"कौशे, काय झालंय तुला? रोज तोंड वाकडं करून बसायलीस."

"दात दुखायलेत, छबूबाई."

काकूंच्या तोंडात तेव्हा दोनच दात होते. ते दोन-तीन महिने दुखत राहिले!

सगळ्यांत वाईट दिगांबरभावजींचं. त्यांनी आईसाठी डोकं उतरवलं होतं. केस येईपर्यंत मावशीच्या समोर यायचं कसं? आत्याबाई मला (म्हणजे अक्काला!) विचारायच्या, "दिगू कामून येईना गं?" मी सांगायची, कापूस वेचायलाय, तूर काढायलाय, हरभरा काढायलाय. पिकं संपत आली. हे रोज म्हणायचे, उद्या सांगतो. उद्या आला की आत्याबाईंचा चेहरा बघायचे आणि शेताकडे निघून जायचे.

आणि मग तो दिवस उगवला.

हे परभणीला गेले होते, खरोखरच बियाण्याच्या दुकानात. दुपारी कार्यक्रम लागला. त्या दिवशी तुळसामावशीच मेल्या! म्हणजे नाटकात. तिरडी काय, हार काय, जमादार रडतोय, डॉक्टर रडतोय, मेव्हणा मावशींची चंची पळवतोय. मी जमिनीवर बसून आत्याबाईंकडे चोरून बघत होते. मला माहीत होतं, आता मावशी ताडकन उठून बसणार आणि म्हणणार, चहा टाका. जाहिरातीत तसं दाखवलं होतं. नुसतं उठेपर्यंत दम धरायचा होता. मावशींचा एक डोळा उघडला...

आणि लाईट गेली.

टीव्ही काळा. घरात अंधूक. आत्याबाई त्या काळ्या काचेकडे बघत होत्या. मग त्यांनी असा हंबरडा फोडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"अगं माझे अक्के गं! मला टाकून गेलीस गं!"

मी त्यांच्याकडे धावले. सांगायला तोंड उघडलं, आत्याबाई, ते नाटक हाय, ती उठती! पण आवाज? आवाज गोठ्यात राहिला होता. समोरासमोर एक शब्द फुटेना. मी नुसते हात हलवत होते, उठती, उठती, असे. आत्याबाईंना वाटलं असेल ही मलाच उठवायलीय.

तेवढ्यात दारातून कौशाकाकू. हंबरडा ऐकला आणि त्यांना वाटलं, सांगितलं एकदाचं! इतक्या महिन्यांचं पोटातलं रडू घेऊन काकू आत घुसल्या आणि आत्याबाईंच्या गळ्यात पडल्या.

"छबूबाई गं! किती दिस दाबून ठिवलं गं आमी!"

त्यांच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. पाच मिनिटांत ओसरी भरली. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, पदर ओले करत होत्या. मी एकेकीचा पदर ओढून कानात सांगत होते, "अहो, ते टीव्हीतलं हाय, अजून सांगितलं न्हाई..." जिच्या कानात सांगावं ती मलाच छातीशी धरायची. "तू बी लय सोसलंस गं लेकरा!" मला श्वास घेता येईना. कुणीतरी चूल विझवली. कुणीतरी पिठल्याचं पातेलं आणून ठेवलं. काकूंच्या मुलानं पोखर्णीला फोन लावला, "दिगूभाऊ, निघा. मावशीला कळालं."

आणि आत्याबाई रडत होत्या. एवढं रडताना मी माणूस बघितलं नाही. छातीला हात लावून मी शेजारी बसले, म्हणजे त्यांच्या छातीला. धडधड माझ्या तळव्याला लागत होती. वाटलं, आत्ता हे काळीज थांबलं तर मी काय करू? कुणाला हाक मारू? आणि हाक तरी निघेल का?

बऱ्याच वेळानं अंगणात गाडी वाजली. हे आले. कोपऱ्यावरच्या पोरांनी त्यांना वाटेतच सांगितलं होतं, टीव्हीतली मावशी मेली म्हणून तुमची आई रडायलीय. तेवढंच ऐकून हे धावत आत.

"आई! आगं, ते खोटं हाय! नाटकातली बाई ती! आपली अक्का ठनठनीत हाय!"

ओसरीतलं रडणं एका झटक्यात थांबलं. तीसेक बाया यांच्याकडे बघायला लागल्या. कौशाकाकूंचं तोंड उघडं, दोन्ही दात दिसले.

मी लांबून मान हलवत होते. नको, नको, नको! यांनी माझ्याकडे डोळे वटारले आणि मागच्या दाराकडे खूण केली. जा! मी पुन्हा मान हलवली. यांनी पुन्हा डोळे वटारले. इतक्या लोकांत नवऱ्याला नाही म्हणायचं? त्यासाठी आधी बोलावं लागलं असतं. मी गेले. गव्हाणीआड जाऊन बसले.

फोन थरथरला. मी उचलला. मला काय माहीत, यांनी तिकडे स्पीकर लावलाय!

"हॅलो," मी जाड आवाजात म्हणाले. "मी अक्का. कशी हाईस? औषध घेतलं का?"

 मग घरातून एक किंकाळी, ती मला फोनातूनही आली आणि भिंतीवरूनही. मग काहीतरी धप्पकन पडलं. (नंतर कळलं, पिठल्याचं पातेलं. कौशाकाकू त्याच्यावरच बसल्या.) एक म्हातारी "महादेवा, महादेवा" म्हणायला लागली. कुणीतरी ओरडलं, "आगं, हिच्या मयताला तर मी सोता पोखर्णीला जाऊन आले की!"

मी फोन ठेवायला हवा होता. पण माझं बोटच चालेना. अंगणात दुसरी गाडी थांबली. पावलं आत गेली. मी कान देऊन ऐकत होते, आणि माझ्या तोंडून सवयीनं पुढचं वाक्य निघून गेलं, "जेवलीस का?"

फोनमध्ये एक पुरुषाचा आवाज आला. अगदी लहान.

"आई?"

दिगांबरभावजी होते. पन्नाशीचा माणूस. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही त्यांना फोनाचं कधी सांगितलंच नव्हतं. दारातून आत आले, सगळ्या बाया एका फोनकडे बघतायत, आणि फोन म्हणतोय, जेवलीस का.

"आई? तू हाईस का?"

मी पदर तोंडात कोंबला. डोळ्यांपुढे गव्हाण दिसेना. मी हे काय करून बसले होते! वासरू हंबरलं, मोठ्यानं, आणि ते माझ्या शेजारी हंबरलं आणि घरातल्या फोनातही हंबरलं.

त्यानंतर आत्याबाईंचा आवाज आला. रडून घोगरा झालेला, पण शांत.

"पोरी, ठिव आता फोन. ये घरात."

गोठ्यापासून ओसरीपर्यंतची ती वाट मी जन्मात विसरणार नाही. अंगाला वैरण चिकटलेली, हातात फोन. बायांनी वाट करून दिली. वारलेली बाई आत येतेय म्हटल्यावर देणारच! दिगांबरभावजी खाली बसले होते, डोक्यावर बोटभर केस आलेले. आत्याबाईंचा हात त्या केसांवर होता. हे खांबाला टेकून उभे होते, तोंडात बोललेलं आणि न बोललेलं सगळं अडकून.

"रामा," आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या नावाचं लुगडं नेलं होतंस का तिला?"

बाई गेली की तिला माहेरचं लुगडं लागतं. ते नेसवल्याशिवाय उचलत नाहीत. आणि अक्काचं माहेर म्हणजे ही बाजेवर पडलेली बाई.

"नेलं होतं, आई," हे म्हणाले आणि यांचा आवाज फुटला. "तुझ्या नावानंच घातलं अंगावर."

"कोन्या रंगाचं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मला काय माहीत? त्या दिवशी दुकानदारानं जे पुढे टाकलं ते यांनी उचललं होतं.

"मोरपंखी," दिगांबरभावजी खाली बघून म्हणाले.

"मोरपंखी?" आत्याबाई म्हणाल्या. "तिला तो रंग डोळ्यासमोर चालत नव्हता. वर बसून मला शिव्या देत आसंल. छबे, मेले, मरताना तरी बरं लुगडं धाडायचं!"

आणि त्या हसल्या. हसता हसता पुन्हा रडल्या. दिगांबरभावजी त्यांच्या मांडीत डोकं घालून रडले, हे खांबाशी रडले, आणि मग सगळी ओसरी रडली. या वेळी मात्र ते रडणं कुणी थांबवलं नाही.

कौशाकाकू पदराचं पिठलं पुसत म्हणाल्या, "छबूबाई, म्हंजी तुमाला आधीपासनं म्हाईत होतं?"

"ओलं डोस्कं घेऊन आला पौषात, तवाच मनात पाल चुकचुकली होती."

"मंग रडला कामून न्हाई इतके दिस?"

"कसं रडू?" आत्याबाई म्हणाल्या. "हे लेकरू रोज माझ्या तोंडाकडं बघून पळून जायचं. मी रडले असते तर हाय खाल्ली असती त्यानं, आईचं काळीज फुटतंय म्हनून. समद्यांनी माझ्यासाठी एवढं दाबून धरलं, मी कोन्या तोंडानं सोडू? आज ती टीव्हीतली मेली आन् लाईट गेली. म्हनलं, आता कुनाला काय कळतंय. रडून घ्यावं."

म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या आमच्यापासून! आणि मधल्या मध्ये मी गोठ्यात!

मला विचारायचं होतं. तीस बायांसमोर मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "आनि... फोनवर? मी?"

आत्याबाईंनी माझ्या केसातली वैरणीची काडी काढली.

"अक्कानं उभ्या जल्मात मला औषध घेतलंस का म्हनून इचारलं न्हाई. आन् तू? पहिल्याच दिशी, पहिलाच सबूद, 'हॅलो, आत्याबाई'!"

ओसरीत कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"मंग रोज फोन कामून करायला लावला तुमी?" हे विचारते झाले.

"अक्का तर गेली होती," आत्याबाई म्हणाल्या. "म्हनलं, सून तरी बोलायलीय."

पारूअक्कांचा रीतसर दुखवटा आमच्या घरात त्या दिवसापासून सुरू झाला, सगळं उलट्या पायानं. आत्याबाईंचं काळीज थांबलं नाही. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, आधीपेक्षा बरं आहे. औषध कोणतं दिलं म्हणून विचारायला लागले, तेव्हा हे खाली बघत राहिले.

कार्यक्रम अजून लागतो. आत्याबाई आता मला त्यांच्या शेजारी बाजेवर बसवतात आणि म्हणतात, बोल, आता कुनाची चोरी हाय? मी तोंड उघडते आणि पुन्हा जीभ टाळूला चिकटते. शेवटी त्यांनीच तोड काढली. काही सांगायचं असलं की मी स्वयंपाकघरात जाते, तिथून ओसरीवर त्यांना फोन लावते आणि विचारते, "आत्याबाई, भाजीत मीठ बरोबर हाय ना?"